गायकाच्या रकान्यात

अशोक चौकात माझं दुकान, सहा बाय आठचं.
पाटीवर: मेमरी कार्ड भरून मिळेल.
रिक्षावाले यायचे, मागावरची रातपाळीची पोरं यायची,
तेलुगू, कन्नड, मराठी, कव्वाली, काय असेल ते टाक म्हणायचे,
झोप लागली नाही पाहिजे.

ही चोरी हाय बे, असं कुणी म्हणालंच
तर उत्तर तयार असायचं:
चादर चोरली तर दोरीवर रिकामी जागा दिसते.
गाणं चोरलं तर काय दिसतं?
दिव्यावर दिवा लावला,
पहिला विझला का?

हे उत्तर मला एवढं आवडायचं
की गिऱ्हाईक नसतानाही मी ते मनात म्हणून बघायचो.

आणखी एक करायचो.
प्रत्येक गाण्याच्या आत, गायकाच्या रकान्यात,
दुकानाचं नाव भरायचो.
गाणं लागलं की काचेवरून सरकत जायचं:
वेंकटेश मोबाईल, अशोक चौक, सोलापूर.
फुकटात जाहिरात.
दत्तू गुर्रम म्हणाला, डोकं हाय लगा तुला.

मे महिना. डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
विड्यांचा माल देऊन, रिकामं सूप काखेत,
एक बाई आली, हातात नातवाचा फोन.
म्हणाली, रिक्षात एक गाणं लागलंतं.
देवीचं न्हाई, लग्नातलं न्हाई,
नळाचं. पाचव्या दिवशी जावयावानी येतो
आन् चहा व्हायच्या आत जातो, त्या नळाचं.

होतं माझ्याकडं. लावलं.
ती हसली नाही. नुसते ओठ हलत होते.
दुसऱ्या कडव्याआधी तिनं श्वास घेतला,
आणि मग गाण्यातल्या बाईनं घेतला,
तसाच, तेवढाच.

तुम्ही?
हां, मीच की. अंबूबाई शिवशरण.
कंपनीनं पाचशे दिलते आन् दोन कॅसेटी.
एक व्याह्यानं नेली, एक टेपनं गिळली.
मग काचेवर बोट ठेवून म्हणाली,
हितं काय पळूलालंय?
गाण्याचं नाव, मी म्हणालो.

किती झाले?
दहा.
तिनं पदराची गाठ सोडली. मी घेतले.

दहा रुपयांच्या विड्या किती, ते रात्री मोजलं.
माझी आईही विड्याच वळायची,
मला हिशेब पाठ होता.

आमचे नाना, नरसय्या, जकार्डवर तीस वर्षं.
त्यांनी एकदा मान मागं वळवलेला मोर काढला होता.
वर्षभरात तोच मोर कुठल्यातरी लांबच्या बाजारात
दुसऱ्याच्या नावानं, निम्म्या किमतीत आला.
दोन दिवस जेवले नव्हते.
मी तेव्हा लहान.

त्या रात्री मी विचारलं, नाना,
तुमचा मोर तर तुमच्या मागावरच होता की.
गेला कुठं?
ते बोलले नाहीत.
अंगावरच्या चादरीचा कोपरा उलटा केला,
नाव शिवतात तिथं अंगठा फिरवत बसले.
मग तेलुगूत एक शब्द म्हणाले.
तो इथं लिहीत नाही.

मी लगेच सुधारलो असं काही नाही.
सीझन होता, गड्ड्यापर्यंत तर कार्डं भरलीच.
पुढं फोनमध्येच सगळं फुकट यायला लागलं
आणि चोरी करणारा म्हणून माझी गरज संपली.
आता कव्हरं विकतो, काचा चिकटवतो.

जुन्या डिस्कवर मात्र एका रात्री
तो रकाना खोडून तिचं नाव भरलं.
विडी घरकुलात शोधायलाही गेलो,
खिशात एक पाकीट घालून.
खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं.
पाकिटात किती होते ते विचारू नका,
मलाच ठरवता आलं नव्हतं.

परवा सात रस्त्याला रिक्षात बसलो.
मागच्या डब्यातून तोच श्वास, तोच नळ.
कुणाचं हो हे गाणं? मी विचारलं.
त्यानं वळून फोनच्या काचेवर पाहिलं,
एकेक अक्षर लावलं:
वेंकटेश मोबाईलवाल्याचं.
भारी म्हणतोय की.